पेन्सिलीचं रीडिंग

धाकटीने आतापर्यंत सात नोकऱ्या सोडल्या होत्या, आणि त्यांतल्या पाच जेवणाच्या सुट्टीत. सुट्टी होईपर्यंत जगातलं सगळ्यात चांगलं असलेलं ऑफिस सुट्टी संपेपर्यंत एवढं वाईट कसं व्हायचं, हे नंतर तिलाही धड सांगता यायचं नाही. कुणीतरी आपला डबा घेऊन दुसऱ्या टेबलावर बसलेलं असायचं, एवढंच. तेवढ्यावरून तिला कळायचं, की आपण इथे कुणालाच नको आहोत, कधीच नको होतो, आणि आजवर सगळे नाटक करत होते. मग राजीनामा, मग घरी येऊन रडणं. दुसऱ्या दिवशी सकाळी ताई चहाचा कप पुढे सरकवत विचारायची, "बरं, पुढचा बळी कोण?"

आठवी नोकरी मात्र अकरा महिने टिकली होती. हे दुकान वजनकाटे दुरुस्त करायचं आणि तपासून द्यायचं. भाजीवाल्यांचे मोठे काटे पुढच्या खोलीत, आणि औषधवाले, सोनार, प्रयोगशाळा यांचे नाजूक काटे मागच्या बंद खोलीत, ग्रॅनाइटच्या कट्ट्यावर. ताई एका औषधाच्या दुकानात फार्मासिस्ट होती. मलमं आणि पुड्या तिथे अजून हाताने बनवत, त्यामुळे त्यांचा काटा दरवर्षी इथे तपासायला यायचा. त्या ओळखीवर ताईने धाकटीसाठी शब्द टाकला होता. टाकताना काहीच लपवलं नव्हतं. माझ्या बहिणीला बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी डिसऑर्डर आहे, डॉक्टरबाईंकडे नियमित जाते, हुशार आहे, पण साध्या गोष्टीचं तिला फार लागतं, असं सगळं तिने सांगून टाकलं.

दुकानाचे मालक, ज्यांना सगळे काका म्हणत, ते हे ऐकून आधी हातातलं वजन पुसत राहिले. काका कशालाही बराच वेळ घेत. मग म्हणाले, "म्हणजे चौथ्या दशांशाची आहे. तसल्या काट्यात खोट नसते हो. त्याला टेबल भक्कम लागतं, बस."

तेव्हापासून दुकानात तिचं नाव चौथा दशांश पडलं. पॅकिंग आणि फोन सांभाळणाऱ्या मावशी तर हाकच मारायच्या, "ए दशांश, जेवायला चल." कुणी असं नाव ठेवलं असतं तर आधीच्या सातही ठिकाणी तिने डोक्यात राख घालून घेतली असती. इथे का घातली नाही, यावर तिने विचार केला होता. तिचं उत्तर असं होतं, की चौथा दशांश मोजणारा काटा दुकानात सगळ्यात मानाचा होता आणि त्याला हात लावण्याआधी काका स्वतः हात धुऊन यायचे.

दुकानाची एक पद्धत होती. बाहेरून आलेला नाजूक काटा लगेच तपासायचा नाही. गाडीत तो हिंदकळलेला असतो, उन्हातून आलेला असतो, खोलीची हवा त्याच्या अंगात मुरलेली नसते. म्हणून त्याला चार तास नुसता ठेवायचा, आणि वर एक पिवळी चिठ्ठी बांधायची: स्थिरावत आहे, हात लावू नये. इथवर कुठलंही दुकान करेल. पण काकांची खोड अशी, की काटा आल्या आल्या त्यावर दहा ग्रॅमचं वजन ठेवून एक रीडिंग घ्यायचं आणि ते चिठ्ठीवर पेन्सिलीने लिहायचं. चार तासांनी दुसरं, ते पेनने. दुसऱ्या दिवशी तिसरं, तेही पेनने. आणि काटा परत जाताना चिठ्ठी त्याच्याबरोबरच जायची, गिऱ्हाइकाला पाहायला.

"पेन्सिलीचं कशाला लिहायचं मग, ते चुकीचंच असणार आहे तर?" पहिल्या आठवड्यात धाकटीने विचारलं होतं.

"चुकीचं नसतं," काका म्हणाले होते. "ते काट्याचं नसतं, प्रवासाचं असतं. प्रवास झाला हे खरंच आहे की."

हे वाक्य तिने घरी जाऊन वहीत लिहून ठेवलं. वही डॉक्टरबाईंनी ठेवायला सांगितली होती. तुझं लवकर चढतं, जास्त चढतं आणि उतरायला वेळ लागतो, असं त्यांनी साध्या शब्दांत सांगितलं होतं. चढलेलं असताना निर्णय घ्यायचे नाहीत, तोंडावर गार पाणी मारायचं, आणि जीवावर उठणारे विचार आले तर लाज न बाळगता फोन करायचा. धाकटी वही ठेवायची ती प्रयोगशाळेतल्यासारखी. किती वाजता चढलं, शून्य ते दहात किती, कशावरून, किती वाजता उतरलं. एकशे बारा नोंदींची सरासरी तिने काढली होती: तीन तास वीस मिनिटं. एकाच माणसाच्या एकशे बारा नोंदींवरून काही सिद्ध होत नाही, हे तिला कळत होतं. तरी काकांचे चार तास आपल्याला बरोबर पुरतात, याचं तिला गुपचूप समाधान होतं.

तिसऱ्या महिन्यात मावशींनी एका सकाळी तिच्याकडे बघितलंही नाही आणि बोलल्याही नाहीत. अकरा चाळीसला तिने राजीनामा लिहून काकांच्या पुढ्यात ठेवला. काकांनी तो वाचला, घडी घातली, एका पिवळ्या चिठ्ठीवर "११.४०" लिहून ती त्याला टाचली आणि राजीनामा फळीवर दोन काट्यांच्या मधे ठेवून दिला. तीन चाळीसपर्यंत असं निष्पन्न झालं, की मावशींनी आदल्या संध्याकाळी अक्कलदाढ काढली होती आणि त्यांना तोंडच उघडता येत नव्हतं. राजीनाम्याचं काय करायचं हे कुणीच विचारलं नाही. मावशींनी पुढे कितीतरी दिवस त्याच्यावर चहाचा कप ठेवला.

त्या दिवसापासून धाकटी स्वतःसाठीही पिवळ्या चिठ्ठ्या वापरायला लागली. गठ्ठा तोच, पेन्सिल तीच, पेन तेच.

अकराव्या महिन्यातल्या एका गुरुवारी सकाळी दहा वाजून दहा मिनिटांनी ताईच्या दुकानाचा गाडीवाला त्यांचा काटा घेऊन आला. अजून वर्ष भरायला दोन महिने होते. धाकटीने विचारलं, यंदा एवढी घाई का. गाडीवाला भला माणूस होता, आणि भल्या माणसांना सगळं सांगून टाकायची सवय असते. तो म्हणाला, ताईंना दुसऱ्या शहरातल्या मोठ्या इस्पितळात दोन वर्षांसाठी औषधविभाग चालवायला बोलावलंय, शनिवारी संध्याकाळी सहापर्यंत त्यांनी हो-नाही कळवायचंय, आणि नवीन माणसाच्या ताब्यात द्यायच्या आधी काटा तपासून ठेवा असं आमचे मालक म्हणाले. "तुम्हाला काय, घरचीच बातमी," असं म्हणून तो हसला. धाकटीही हसली. सही करून काटा घेतला, कट्ट्यावर ठेवला, आणि मग तिच्या कानात शिट्टी वाजायला लागली.

तिच्या मनाला सुतावरून स्वर्ग गाठायची सवय होती, आणि त्या दिवशी तर सुतावर गाठीसुद्धा नव्हत्या. ताई जातेय. मला न सांगता जातेय. म्हणजे मला टाळतेय. म्हणजे तिला माझा वीट आलाय. येणारच, कुणाला येणार नाही. परवा ती भांडी घासताना गुणगुणत होती, ती सुटकेच्या आनंदात. गेल्या महिन्यात तिने नवी बॅग घेतली, ती आणायला मीच बरोबर गेले होते, मीच रंग निवडला. यापुढचे विचार कुठे जातात ते धाकटीला माहीत होतं. ते अजून गल्लीच्या टोकाला होते. ती मोरीत गेली आणि तिने श्वास रोखून तोंडावर गार पाणी मारलं. एकदा, दोनदा, सहा वेळा. मग परत येऊन काट्यावर दहा ग्रॅमचं वजन ठेवलं आणि त्याच्या चिठ्ठीवर पेन्सिलीने लिहिलं: १०.०००६. दुसरी चिठ्ठी काढून स्वतःसाठी लिहिलं: १०. खाली शेऱ्याच्या जागी: "ताई मला न सांगता जातेय. माझा वीट आलाय तिला."

दोन वर्षांपूर्वी ताई पाच दिवसांच्या प्रशिक्षणाला गेली होती. दुसऱ्या दिवशी धाकटीने स्वतःला इजा करून घेतली. तिसऱ्या दिवशी ताई परत आली, प्रशिक्षण अर्धवट राहिलं, आणि त्यानंतर ताई कुठे गेलीच नाही. त्याबद्दल ती कधी चकार शब्द बोलली नाही. ती बोलली असती तर फार बरं झालं असतं, असं धाकटीला वाटायचं. आता चार तास तिने काकांना वजनं चिमट्याने उचलून दिली आणि चार तास याच गोष्टीचा विचार केला. दोन वाजून दहा मिनिटांनी पेन घेतलं तेव्हा आकडा आला सहा. शेरा: "सांगायला घाबरली असेल. मागचं आठवून." शुक्रवारी सकाळी तिसरं रीडिंग, तेही सहाच. शेरा: "जावं तिने. तिने आपणहून सांगावं, आणि तेव्हा मी माणसासारखं वागावं."

एवढंच तिला हवं होतं. या वेळीही ताई आपल्यापायी राहिली, तर ती राहिलेली ताई रोज सकाळी चहा घेऊन समोर येणार, आणि ते आपल्याला झेपायचं नाही. हे सगळं शनिवारी सहाच्या आत व्हायला हवं होतं.

माणसासारखं वागायचा सराव तिने गुरुवारी संध्याकाळीच सुरू केला. न सांगता भांडी घासली. ताईचे पाय दुखतात का विचारलं. टीव्हीवर ताईला आवडणारा रटाळ कार्यक्रम लागला तेव्हा एकदाही उसासा सोडला नाही. दिवस कसा गेला, यावर "मस्त" म्हणाली. शुक्रवारी तर तिने ताईच्या ओढणीला इस्त्री केली. एकूण काय, बोट ठेवायला जागा नव्हती. फक्त तिच्या लक्षात आलं, की ताई आपल्याकडे बघते आणि पटकन नजर काढून घेते. सात वाजता ताईने औषधांच्या कपाटाला कुलूप लावलं आणि किल्ली पर्समध्ये टाकली. धाकटीने ते पाहिलं, आणि ओढणीची दुसरी बाजू इस्त्री केली.

शनिवारी सकाळी दुकानात मागच्या खोलीत मोठं काम होतं. एका प्रयोगशाळेचा काटा, पाच दशांश मोजणारा, काकांनी राखून ठेवला होता. अशा कामाला एकदा दार लावलं की दीडदोन तास उघडायचं नाही. आत दोनच माणसं, एक वजन ठेवणारं, एक लिहिणारं, आणि दोघांनी जमेल तेवढं पुतळा व्हायचं. साडेदहाला आत जायच्या आधी धाकटीने आपली चिठ्ठी शेवटची वाचावी म्हणून खिशातून काढली. तीवर लिहिलं होतं: १०.०००६. चार तासांनी: १०.०००१. दुसऱ्या दिवशी: १०.०००१. प्रवास: गाडीने, खोक्यात.

म्हणजे काल संध्याकाळी तिने ताईच्या दुकानाच्या काट्याला जी चिठ्ठी बांधून परत पाठवली होती, ती दुसरी होती.

दोन्ही चिठ्ठ्या कट्ट्यावर शेजारी शेजारी होत्या, दोन्ही घडी घातलेल्या, आणि घडीच्या वर दिसत होता तो दोन्हींचा दहाच. चौथा दशांश जपणारीने दशांशाकडेच बघितलं नव्हतं. तिने मावशींना फोन लावायला सांगितलं, कुणी उचलला नाही. ताईचं दुकान शनिवारी गजबजलेलं असायचं. काका दारात उभे होते. ते म्हणाले, "चल, दशांश." ती गेली. दार लागलं.

सव्वाबाराला दार उघडलं. अकरा महिन्यांत काम चालू असताना ते उघडलेलं तिने पाहिलं नव्हतं. आधी मावशींचा हात दिसला, कुणाची तरी ओढणी मागे खेचू पाहणारा, आणि मग ओढणीसकट ताई. हातात पिवळी चिठ्ठी. ओढणी इस्त्रीची.

काचपेटीतल्या काट्याचा आकडा पळाला.

"दार लावा," काका वहीतून वर न बघता म्हणाले. "आत तर आत, बाहेर तर बाहेर. मोठ्याने बोलायचं नाही. पाय आपटायचे नाहीत."

ताई आत राहिली. त्या खोलीत भांडण करायचं म्हणजे कुजबुजत करावं लागे, आणि हातवारे न करता. अशी सोय प्रत्येक घरात एकेका खोलीत असायला हरकत नाही, असं मावशी नंतर म्हणाल्या. त्या दाराला कान लावून होत्या.

तू मला सांगितलं का नाहीस, की तुला कळलंय, असं ताईने कुजबुजत विचारलं. तू मला सांगितलं का नाहीस, की तू जातेयस, असं धाकटीने तितक्याच हळू विचारलं. मग दोघींनी तेच आणखी एकदा विचारलं. काकांनी आकडा वाचला, शेवटचं घर डुगडुगत होतं. ताई म्हणाली, दोन दिवस तू भांडी काय घासतेस, गोड काय बोलतेस, इस्त्री काय करतेस, मी औषधांच्या कपाटाला कुलूप घातलं. मागच्या वेळीसुद्धा आदल्या दिवशी तू अशीच गोड होतीस.

"मी सराव करत होते," धाकटी म्हणाली.

"कसला?"

"नीट वागायचा."

ताईने चिठ्ठी उलटसुलट केली. तिचा चेहरा बघून धाकटीला काहीतरी कळलं, आणि तिने हातातला चिमटा खाली ठेवला. "तू त्यांना काय कळवलंस?"

"नाही म्हणून," ताई म्हणाली. "सकाळी नऊ वाजता."

"आणि चिठ्ठी कधी वाचलीस?"

"अकराला. काट्याचं खोकं तेव्हा उघडलं."

धाकटीच्या मानेपासून केसांपर्यंत गरम झालं. काचपेटी दोन हातांवर होती आणि दार बंद होतं. तरी आत आकडा हलला, आणि काकांनी पहिल्यांदाच वर बघितलं. आधीच्या सात नोकऱ्यांतली धाकटी इथे ओरडली असती. काच फुटली असती, आणि दहा मिनिटांनी ती रस्त्यावर असती, कुठल्या ते माहीत नसताना. ही धाकटी काकांना म्हणाली, "मला पाच मिनिटं द्या." मोरीत जाऊन तिने आठ वेळा पाणी मारलं. मग मावशींच्या टेबलावरून नवी चिठ्ठी ओढली आणि पेन्सिलीने, कागद फाटेल अशा हाताने, लिहिलं: १२.२०. दहा. "माझं नाव पुढे करून ताईने माघार घेतली."

"चार वाजून वीस मिनिटांनी बोलू," ती ताईला म्हणाली.

ताई म्हणाली, वेडी आहेस का, मी दुकान टाकून आलेय. तेव्हा काका दारात येऊन अत्यंत सौजन्याने म्हणाले, "बसा ताई. बाहेरून आलेली नाजूक वस्तू आम्ही चार तास हलवत नाही."

ताई बसली. कशी बसली हे तिलाही सांगता आलं नसतं. मावशींनी तिला स्टूल दिलं, चहा दिला, आपल्या अक्कलदाढेची साद्यंत हकिकत दिली, आणि थोड्या वेळाने एक पिवळी चिठ्ठी आणि पेन्सिलही दिली. लिहून ठेवा, म्हणाल्या. इथे सगळे लिहितात.

आकडा पळाल्यामुळे काम पहिल्यापासून धरलं होतं, आणि आत धाकटी वजनं उचलत होती. एक वाजता ताई जगातली सर्वात दुष्ट बाई होती: आपल्या बहिणीचा आजार ढालीसारखा वापरणारी, वर त्यागाचा आव आणणारी. एक चाळीसला तिला आठवलं, की लहानपणी तिला ताप आला तर ताई शाळेत न जाता शेजारी बसून पाढे म्हणायची, आणि ताई एकदम देवी झाली. सव्वादोनला देवी पुन्हा दुष्ट झाली. तीनला तिला नुसतीच भूक लागली. ही ये-जा ती आता ओळखत होती. चालू असताना थांबवता येत नव्हती, पण दारात उभं राहून बघता येत होती, आणि मधूनमधून तिचं तिलाच हसू येत होतं. तिचा अंदाज होता की शेवटी तीन येईल, फार तर चार.

चार वाजून वीस मिनिटांनी तिने पेन उचललं आणि बराच वेळ स्वतःकडे लक्ष देऊन पाहिलं. सात. तिला खरं वाटेना. तिने आणखी दहा मिनिटं जाऊ दिली. सात.

"उतरत नाहीये," ती काकांना म्हणाली. तिला जरा भीती वाटली होती.

काका काटा झाकत होते. "प्रवास उतरला ना?"

"हो."

"मग उरलं ते तुझं. पेनने लिही."

आपला राग कधी बरोबरही असू शकतो, ही शक्यता धाकटीने एकशे बारा नोंदींत एकदाही धरली नव्हती. चढलं ते चूक आणि उतरलं ते बरोबर, असंच तिने गृहीत धरलं होतं. तिने सात लिहिले. मग बाहेर जाऊन ताईसमोर दुसरं स्टूल ओढलं.

ती ओरडली नाही, पण गोडही बोलली नाही. म्हणाली, मला राग आलाय, आणि तो सात आहे, आणि चार तास थांबूनही सातच आहे, तेव्हा आता तो तुला घ्यावा लागेल. म्हणाली, तू मला विचारलं नाहीस. माझे आकडे तूच लिहिलेस, पेनने, आणि मी खोलीत आलेलेसुद्धा नव्हते. घरात अविचारी म्हणून नाव माझं, आणि घाई केलीस तू.

ताई हातातल्या चिठ्ठीशी चाळा करत होती. धाकटीने हात पुढे केला. ताईने आधी दिली नाही, मग दिली. वर पेन्सिलीने: नऊ, धाकटीला काही झालं तर. खाली पेनने: आठ. आणि शेऱ्याच्या जागी, फार्मासिस्टच्या त्या कुणालाही न लागणाऱ्या अक्षरात, काहीतरी.

"हे काय लिहिलंयस?"

ताईने वाचून दाखवलं. "मला तिथे एकटीला जमणार नाही."

"अच्छा," धाकटी म्हणाली. "म्हणजे आजारी मी, आणि त्याच्या मागे लपणार तू?"

मावशींनी फोनची डायरी चाळायला घेतली, उलटी.

ताईला आधी रडू आलं, मग त्यातच हसू आलं, आणि दोन्ही एकदम आल्यामुळे ठसका लागला. धाकटीने पाणी आणून दिलं. ताई पाणी पिईपर्यंत ती तिच्याकडे बघत राहिली. एरवी सगळ्यांना सांभाळणारी ही बाई नव्या शहराला, नव्या घराला, अनोळखी शेजाऱ्यांना टरकून आहे, हे धाकटीला अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदाच दिसत होतं. आणि गंमत म्हणजे, अनोळखी ठिकाणी पहिले दिवस कसे काढायचे याचा अनुभव घरात कुणाला असेल तर धाकटीला होता. तिने ते आठ वेळा केलं होतं.

मग तिने शुक्रवारपासून मनात धरून ठेवलेलं वाक्य म्हटलं. "तू गेलीस तर मला त्रास होईल, ताई. पहिल्या दिवशी दहा होईल, हे मी आत्ताच सांगते. डॉक्टरबाई आहेत, हे लोक आहेत, फोन आहे, मी तो करेन. पण माझ्यामुळे राहिलीस, तर ते उतरणारच नाही."

ताईने घड्याळ पाहिलं. पाचला दहा कमी. तिने फोन लावला. व्यस्त. पुन्हा लावला. घंटी वाजत राहिली, कुणी उचलला नाही. या काळात धाकटीच्या मनात दोन विरुद्ध प्रार्थना एकाच वेळी चालू होत्या, कुणीतरी उचलावा आणि कुणी उचलू नये, आणि तिने एकीलाही गप्प बसवलं नाही. तिसऱ्यांदा तिकडच्या मुख्य मॅडमनी उचलला. ताई उठून उभी राहिली, ओढणी सारखी केली, जणू त्यांना दिसणार होती. सकाळचा माझा नकार, असं म्हणून ती अडखळली आणि मग म्हणाली की तो मी घाईत कळवला. पलीकडून बराच वेळ बोलणं झालं. कळलं ते असं, की नकाराचा कागद त्यांनी अजून पुढे पाठवलेला नव्हता. तो टेबलावर ठेवून त्या जेवायला गेल्या होत्या, आणि मग राहूनच गेलं. त्यांनी एवढंच विचारलं, की आता नक्की ना.

ताईने धाकटीकडे पाहिलं. धाकटीने मान हलवली नाही. ती खिडकीबाहेर बघायला लागली, म्हणजे तिचा चेहरा मोजता येऊ नये.

"हो," ताई फोनमध्ये म्हणाली. "पुढच्या महिन्यात येते."

पायाखालची फरशी गेली. अगदी ठरल्याप्रमाणे, वेळेवर गेली. कानात शिट्टी, बोटं गार, आणि मनाने लगेच हिशेब मांडला: बघ, किती पटकन हो म्हणाली. धाकटीने गठ्ठ्यातून चिठ्ठी ओढली, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून वेळ टाकली, त्याखाली एक आकडा, त्याखाली एक ओळ, आणि चिठ्ठीची घडी घालून मुठीत धरली. काकांनी दिवे मालवायला सुरुवात केली. मावशी ताईला म्हणाल्या, जायच्या आधी एकदा येऊन जा हो, आणि येताना आधी टकटक करा.

दोघी रस्त्याला लागल्या. ऊन अजून होतं. दुकानं उघडी होती, फुटपाथवर लोक भाजी निवडत होते आणि कुठल्याशा काट्यावर कुणीतरी वजनाबद्दल हुज्जत घालत होतं. ताईने, मोठ्या कष्टाने, काही विचारलं नाही. वळणापर्यंत तिचा संयम पुरला.

"काय लिहिलंयस त्यात?"

"पेन्सिलीचं आहे," धाकटी म्हणाली. "वाचण्यासारखं नाही."

"तरी पण."

"तुझ्याबद्दल फार वाईट लिहिलंय, ताई. एक शब्द तर तुला माहीतही नसेल." ती चालत होती, आणि तिने ताईचा हात धरलेला होता, जरा जास्तच घट्ट. "नऊला विचार. नाही, थांब. नऊ वाजून दोन मिनिटांनी."